हात हलवीत सास्तूरपर्यंत

मराठी भाषेने मनुष्याच्या हाताविषयी बनवलेले मत, तिचे सगळे दप्तर चाळून पाहिले तरी, फारसे अनुकूल आढळत नाही. आपण होऊन हात दाखवावा तर अवलक्षण पदरी येते. सर्व उपाय खुंटले म्हणजे मनुष्य हात टेकतो. आणि कचेरीत दिवसभर खेटे घालूनही ज्याचे काम झाले नाही तो संध्याकाळी ‘हात हलवीत परत आला’ अशी त्याच्या घरी नोंद होते. ज्या भाषेत हात हलवणे हे रिकाम्या हाताचे लक्षण मानले गेले, त्या भाषेत वाढलेल्या प्रौढ गृहस्थाने समोरून येणाऱ्या अनोळखी इसमाकडे पाहून भर रस्त्यात सस्नेह हात हलवावा, ही कल्पनाच मुळी कुलाचाराला सोडून आहे. आपण हात हलवतो तो कडेवरच्या बाळाला टाटा करण्यापुरता, किंवा एस. टी.च्या खिडकीत बसलेल्या लेकीची गाडी वळणाआड होईपर्यंत. आणि त्या दुसऱ्या प्रसंगी तोच हात लगोलग डोळ्यांकडे जात असल्यामुळे त्यालाही निखळ अभिवादन म्हणता येत नाही.

असे असता गेल्या आश्विनात, दसरा उलटून चार दिवस झाले असताना, मी सोलापुराहून सास्तूरपर्यंतची सारी वाट मोटारसायकलीवरून हात हलवीत गेलो, त्याचे उत्तरदायित्व माझ्या पुतण्यावर आहे. गाडी त्याची होती. सास्तूरला माझे साडू राहतात; सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक; त्यांच्याकडे एका कौटुंबिक मसलतीसाठी जाणे प्राप्त होते, आणि एस. टी.ने गेल्यास दोन ठिकाणी गाडी बदलावी लागेल या भयाने मी पुतण्याची गाडी मागितली. त्याने ती दिली; मात्र किल्लीबरोबर, आजकालच्या पिढीच्या रिवाजाप्रमाणे, थोडे तत्त्वज्ञानही दिले. “काका,” तो म्हणाला, “समोरून मोटारसायकलवाला आला की हात करायचा. जगभर करतात. आपली सगळ्यांची एकच बिरादरी.”

त्याने सांगितलेला जगाचा वृत्तांत मी पुढे पडताळून पाहिला आणि तो बराचसा खरा निघाला. अमेरिकेत व युरोप खंडात वाहने रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, त्यामुळे समोरचा स्वार आपल्या डाव्या बाजूने जातो; डाव्या हाताकडे क्लचखेरीज दुसरे खाते नसल्याने तो हात घटकाभर मोकळा सोडता येतो, आणि तो खाली झुकवून दोन बोटे जमिनीकडे रोखली की बंधुभावाचा विधी पुरा होतो. १९०३ साली हार्ले-डेव्हिडसन कंपनी निघाली आणि पुढल्याच वर्षी तिचे दोघे संस्थापक रस्त्यात समोरासमोर येऊन त्यांनी एकमेकांना हात केला, त्यातून ही प्रथा जन्मली अशी एक दंतकथा स्वारमंडळींत सांगतात. तिला पुरावा काही नाही, पण प्रत्येक पंथाला एक मूळपुरुष लागतो आणि या पंथाला दोन लाभले, इतकेच. इंग्लंडात रस्त्याची डावी बाजू चालवतात, त्यामुळे समोरचा स्वार उजवीकडून जातो आणि उजवा हात तर इंजिनाच्या मुठीवर जखडलेला. म्हणून तिथला मनुष्य हात न हलवता नुसती मान डोलावतो, जे त्या राष्ट्राच्या एकंदर मितभाषी स्वभावाला शोभूनच दिसते. फ्रान्सात वाट करून देणाऱ्या मोटारीचे आभार उजवा पाय बाहेर काढून मानतात. आपल्याकडे पाय लागला तर आपण नमस्कार करतो. फ्रेंच मनुष्य पायानेच नमस्कार करतो. देशोदेशीचे आचार निराळे.

माझी स्वतःची दुचाकीविद्या मात्र बिरादरीच्या नव्हे, कायद्याच्या पोटातून आलेली. १९८८चा मोटार वाहन कायदा आणि त्याखाली १९८९ साली जारी झालेले रस्त्यावरील वर्तनाचे विनियम नवे कोरे असताना मी परवान्याच्या परीक्षेला बसलो होतो, आणि त्या विनियमांत चालकाने हाताने द्यावयाच्या पाच खुणा मुक्रर केलेल्या होत्या. वेग कमी करावयाचा झाल्यास उजवा हात बाहेर काढून, तळवा भुईकडे ठेवून, तो वरखाली हलवावा. थांबावयाचे असल्यास उजवा कोपरापुढला हात उभा धरावा. उजवीकडे वळताना हात आडवा लांबवून तळवा समोर करावा. डावीकडे वळताना तोच उजवा हात लांबवून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गरगर फिरवावा. आणि मागच्यास पुढे जाऊ द्यावयाचे असल्यास तो मागून पुढे अर्धवर्तुळात झुलवावा. पाचही खुणा उजव्या हाताच्या. मोटारीत बसलेल्या मनुष्याच्या दृष्टीने हे ठीकच आहे, कारण खिडकी उजवीकडे असते. परंतु मोटारसायकलीची ‘रेस’ही उजव्या हातातच असते, या बारीकशा वस्तुस्थितीकडे पाहण्यास कायद्याला सवड झाली नसावी. परीक्षेच्या दिवशी कडुनिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेल्या साहेबांनी “डावीकडे वळा” असे फर्मावताच मी मुठीवरचा उजवा हात काढून दळण दळल्यासारखा हवेत फिरवला. त्याबरोबर माझ्या उसन्या राजदूतने दोन आचके दिले आणि ती विझली. साहेबांनी कागदावरून मान वर न करता शेरा दिला : “गाडी विझली तरी खूण शास्त्रोक्त होती.” आणि मी उत्तीर्ण झालो.

अशी एका हातात कायदा आणि दुसऱ्या हातात बिरादरी घेऊन मी सकाळी आठाच्या सुमारास सोलापूर सोडले. पुण्याहून सोलापुरावरून हैदराबादेकडे जाणारा हा रस्ता पूर्वी ९ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता, आता ६५ क्रमांकाचा आहे. क्रमांक बदलला, रस्ता रुंदावला, पण त्यावरून जाणाऱ्या दुधाच्या किटल्या, कडब्याचे भारे, आणि आजी, सून व नातू अशा तीन पिढ्यांना एकाच आसनावर घेऊन चाललेले स्वार हे सारे जसेच्या तसे राहिले. शहराची हद्द ओलांडताच समोरून एक दूधवाला आला. दोन्ही अंगांना दोन दोन किटल्या, डोक्याला टॉवेल, मुद्रेवर गिऱ्हाइकांची उधारी. पुतण्याचे स्मरण करून मी डावा हात वर केला आणि मोठ्या प्रसन्नतेने हलवला. त्याने करकचून ब्रेक दाबला, किटल्या एकमेकींवर आपटल्या, गाडी वळवून तो माझ्यामागे आला आणि मला गाठून धापा टाकीत म्हणाला, “काय झालं मामा? झाकण पडलं का कुठं?”

काहीच पडले नाही, मी सहज हात केला, असे मी सांगितले. ‘सहज’ हा शब्द त्याने तोंडात घोळवून पाहिला. मग त्याने चारही झाकणे स्वतः चाचपली, माझ्याकडे किंचित करुणेने पाहिले आणि तो निघून गेला. चूक त्याची नव्हती. ज्या राज्यात ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ ही साक्षात एस. टी.ची योजना आहे, तिथे दाखवलेल्या हाताला गाडी थांबवणे हे सुजाण नागरिकाचे कर्तव्यच ठरते.

याच्या उलट प्रकार नळदुर्गाच्या अलीकडे घडला. मागून बुलेटवाल्यांचा एक तांडा आला. दहा-बारा गाड्या, अंगावर काळी कातडी जाकिटे, गुडघ्यांना चिलखते. मोहिमेवर निघाल्याचा एकंदर थाट. पुढच्या म्होरक्याने एकाएकी डावा हात आकाशाकडे ताठ उभारून त्याचे एक बोट वर केले. आमच्या पिढीच्या शाळेत वर केलेल्या बोटाला एकच अर्थ होता आणि त्याची परवानगी गुरुजी नाखुशीनेच देत. खरे तर त्या कार्यास करंगळी विहित होती, पण घाईत कोणते बोट वर होईल याचा नेम नसे. मी त्या स्वारांच्या निकडीला मान देऊन गाडी कडेला घेतली आणि बाभळीच्या एका सोयीस्कर आडोशाकडे त्यांना सौजन्याने निर्देश केला. ते सगळे एकापाठोपाठ एक असे शिस्तीने माझ्या पुढून निघून गेले. थोड्या अंतरावर म्होरक्याने दोन बोटे वर केली, तेव्हा तर मला त्यांच्याविषयी खरीच चिंता वाटली. पुढे ढाब्यावर चहा घेताना त्यांच्यातल्याच एका सभ्य तरुणाने खुलासा केला : एक बोट म्हणजे एका ओळीत चला, दोन बोटे म्हणजे दोन ओळी करा, मूठ वळून हात खालीवर केला तर विश्रांतीसाठी थांबा, टाकीकडे बोट केले तर पेट्रोल संपत आले, रस्त्यात डावीकडे खड्डा असेल तर डाव्या हाताने दाखवावयाचा आणि उजवीकडे असेल तर उजव्या पायाने. येथे मात्र मी मनोमन त्या शास्त्रकारास वंदन केले, कारण उजव्या हातास रेसवरून न हलवण्याची जी तजवीज कायद्याला सुचली नव्हती ती याने पायाकडून करून घेतली होती.

पण खरे पाहता पायाचे हे शास्त्र आमच्या मुलखात आधीपासूनच रूढ आहे. पाठीशी वैरणीचा भारा आणि पुढ्यात खताचे पोते घेतलेला शेतकरी शेताकडे वळताना डावा पाय बाहेर काढून खुशाल लांबवतो, कारण दोन्ही हात सोडले तर संसार रस्त्यावर येईल हे तो जाणतो. जिथे मागे कोणी बसलेले असेल तिथे कामाची रीतसर वाटणी असते : चालकाने चालवावे आणि मागच्याने हात दाखवावा. तिघे असल्यास मधल्याकडे कोणतेच खाते नसते; त्याने श्वास घ्यावा, तेवढे पुष्कळ झाले. आणि उजव्या हाताचा उरलासुरला वेळ देवादिकांकडे जातो. वाटेत मारुतीचे देऊळ आले की हात मुठीवरून निघून ओठांना, कपाळाला आणि छातीला लागतो. तेवढ्यात रेस सुटते, गाडी मंदावते, आणि देऊळ मागे पडले की पुन्हा वेग धरते. वाटेतल्या धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर असल्यामुळे तुळजाभवानीच्या दिशेनेही एक नमस्कार होतोच. मोटारसायकलीच्या पेट्रोलाचा हिशेब करणाऱ्या तज्ज्ञांनी देवळांची गणती केली आहे की नाही, कोण जाणे.

नळदुर्गाचा किल्ला लागला तशी मीही घटकाभर गाडी उभी केली. बोरी नदीवर थेट किल्ल्यातच बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधण्याची करामत दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत झाली. पाऊस मनासारखा पडला म्हणजे बंधाऱ्यावरून दोन धबधबे कोसळतात आणि लोक त्यांना नर-मादी म्हणतात. वरून पाणी पडत असताना पोटातल्या महालात मनुष्य कोरडा बसू शकतो, ही गोष्ट सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला फारशी नवलाची वाटली नाही. जळकोट मागे टाकून मी महामार्ग सोडला आणि लोहाऱ्याच्या दिशेने वळलो.

वळलो, हे इतक्या सहज लिहून गेलो खरे. परंतु ते वळण डावे होते. जुना संस्कार उफाळून आला, आणि मी विनियमानुसार उजवा हात लांबवून उलट्या दिशेने गरगर फिरवला. मागच्या टेम्पोवाल्याने तो ‘पुढे जा’ असा समजून माझ्या अंगावरून टेम्पो काढला. चौकातल्या पानटपरीवर बसलेल्या दोघांनी ‘याला चक्कर आली’ असे समजून उठण्याची तयारी केली. आणि पलीकडून येणाऱ्या एका शाळकरी पोराने मला पाहून, खेळाच्या मैदानावर गोलंदाजी टाकावी तसा, तोच हात परत करून दाखवला. पाटीवर (फाट्याला या भागात पाटी म्हणतात) बसची वाट पाहणाऱ्या एका म्हाताऱ्याने तेवढ्यात आपला हात लांबवून, तळवा भुईकडे करून, वरखाली हलवला. मी चमकलो. विनियमांतील पहिली खूण, आणि तीही तंतोतंत! परंतु ही खूण चालकाने केली तर तिचा अर्थ ‘मी हळू होत आहे’ असा होतो आणि पायी चालणाऱ्याने केली तर ‘तू हळू हो’ असा होतो. म्हातारबाबा दोन गावे पुढपर्यंत माझ्या मागे बसून आले आणि उतरताना, माझ्या वतीने, त्यांनी मागच्या ट्रॅक्टरला थांबण्याचा हातही दाखवला.

त्या रस्त्यावर मला एक नवे अभिवादन भेटले. समोरून येणारा प्रत्येक स्वार मला पाहून एक हात वर करी आणि पंजा भराभर मिटून उघडी, मिटून उघडी. पहिल्याने केले तेव्हा मला वाटले, ओळखीचा असेल. दुसऱ्याने केले, तिसऱ्याने केले. शेळ्या हाकणाऱ्या एका पोरीने केले. रस्त्यावर सोयाबीन पसरून बसलेल्या एका कारभारणीनेही, राशीवरून गाडी नेऊ नये म्हणून आधी हात झिडकारून, मग पंजा मिटून उघडून दाखवला. माझे अंतःकरण भरून आले. पुतण्याची बिरादरी ती हीच! महामार्गावर आटलेला बंधुभाव येथे लोहारा तालुक्यात तुडुंब वाहत होता. येथे कोणी राम राम म्हणतो, कोणी शरणु शरणार्थी, कोणी जय भीम. पण चाकावर बसलेल्यांनी, कोणाचीच जातपात न पुसणारे असे हे एक सामाईक अभिवादन काढले असावे, असा माझा ग्रह झाला, आणि त्यावर एखादा विचारप्रवर्तक लेख लिहिण्याची सिद्धताही मी मनात करू लागलो. मी प्रत्येकाला उलट पंजा मिटून उघडून दाखवीत चाललो. नवल एवढेच की, माझा पंजा पाहिला की समोरचा मनुष्य हसण्याऐवजी वाकून आपल्याच गाडीच्या तोंडाकडे पाहू लागे.

उलगडा लोहाऱ्यात झाला. हॉटेलाच्या बाकावर बसलेला एक इसम उठून माझ्या गाडीजवळ आला आणि खालच्या आवाजात, चारचौघांत माझी अब्रू जाऊ नये अशा बेताने, म्हणाला, “मामा, भर उन्हात लाईट जाळायलाव. बंद करा की.”

मिटता-उघडता पंजा म्हणजे लुकलुकणारा दिवा! सबंध तालुका मघापासून मला दिवा मालवण्याची इत्तला देत होता आणि मी सबंध तालुक्याला उलट टपाली तीच इत्तला पाठवीत होतो. मी त्या गृहस्थास बसवून घेतले आणि समग्र माहिती दिली : १ एप्रिल २०१७ पासून देशात निघणाऱ्या प्रत्येक नव्या दुचाकीचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो; तो मालवण्याचे बटणच कारखान्याने ठेवलेले नाही; दिवसाही गाडी दुरून दिसावी आणि अपघात टळावेत, हा त्यामागचा हेतू आहे; तुमच्या स्वतःच्या नव्या गाडीचाही दिवा असाच जळत असणार. त्याने सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, “सरकारचं ऱ्हाऊ द्या मामा. तुमची बॅटरी उतरल, त्याचं काय?”

या प्रश्नाला शासनाजवळ उत्तर असेल, माझ्याजवळ नव्हते. इंजिन चालू असताना बॅटरी आपोआप भरत असते, असे मी म्हणणार होतो. पण एका अनोळखी मनुष्याला माझ्या बॅटरीची माझ्याहून अधिक काळजी वाटत असल्याचे पाहून वाद घालण्याची ऊर्मी ओसरली. चहाचे पैसेही त्याने मला देऊ दिले नाहीत.

उन्हे कलायच्या आत मी सास्तूरला पोहोचलो. ज्या जिल्ह्याचे नाव २०२३ पासून धाराशिव झाले, पण ज्याच्या जुन्या सातबाऱ्यांवर अजून उस्मानाबाद वाचावयास मिळते, त्याच्या या कोपऱ्याला ३० सप्टेंबर १९९३ ही भूकंपाची एकच तारीख ओळख म्हणून पुरते. साडूंचे घर भूकंपानंतरच्या नव्या वसाहतीत आहे. रस्ते आखीव, सरळ, काटकोनात एकमेकांना छेदणारे आणि रुंद. मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून कोणता कोपरा वळावा याचा विचार करीत होतो, तोच तीन ओट्यांवरून तीन हात वर झाले आणि तिन्ही हातांनी एकाच दाराकडे बोट केले. मी कोणाकडे आलो आहे हे मी अजून कोणालाच सांगितले नव्हते.

“या साडूभाऊ,” साडू दारातच उभे होते. “तुमचा लाईट चालू हाय म्हणून लोहाऱ्याहून फोन आलता.”

चहा झाला, कौटुंबिक मसलत झाली, आणि ती अशा मसलती होतात तशीच, कोणताही ठराव न होता, उठली. मग मी त्यांना दिवसभराचा हस्तवृत्तांत सांगितला. दूधवाला, बुलेटवाले, फिरवलेला हात, मिटता पंजा. ते पोट धरून हसले. जुन्या गावात याची गरजच पडत नव्हती, असे ते म्हणाले : गल्ल्या इतक्या बोळकंडीच्या की समोरून सायकल आली तरी एकाने ओट्यावर चढावे लागे, दगड-मातीच्या हात-दोन हात जाडीच्या भिंती, वर माळवद, आणि हाक मारली की ती चार घरांत पुरून उरायची. “आता रस्ते रुंद झाले,” ते म्हणाले, “हाक पलीकडं पोचत न्हाई. मग हात करावा लागतो.”

थोडा वेळ ते स्वतःच्या तळव्याकडे पाहत बसले. १९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, दमूनभागून गावे निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि तीच जाड भिंत आणि तेच जड माळवद लोकांवर आले. लातूर आणि उस्मानाबाद मिळून बावन्न गावे नव्याने वसवावी लागली, इतका तो संहार. हे सगळे मला वर्तमानपत्रांतून ठाऊक होते. साडू जे बोलले ते वर्तमानपत्रात आलेले नव्हते.

“आरडून आरडून घसे बसले होते सगळ्यांचे,” ते म्हणाले. “धूळ खाली बसंना. मग ढिगावर उभं ऱ्हाऊन नुसता हात वर करायचा. हात दिसला की पळत सुटायचं. तिथं कुणीतरी हाय. आन् पंजा असा खाली दाबला,” त्यांनी हात लांबवून तळवा भुईकडे केला आणि दोनदा वरखाली हलवला, “की सगळ्यांनी गप व्हायचं, आन् कान लावायचा.”

विनियमांतील पहिली खूण. मी काही बोललो नाही. आतून साडूंच्या सूनबाईंनी जेवायला वाढल्याची हाक दिली, आणि ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा व तुरीचे वरण यांच्या पंगतीत आम्ही पुन्हा बॅटरीच्या विषयावर आलो. साडूंचे मत लोहाऱ्याच्या त्या इसमासारखेच पडले : कायदा काहीही असो, उतरणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी हिशेब मांडीत होतो. पुतण्याच्या बिरादरीचा हात म्हणतो, ‘तू माझ्यासारखा आहेस’. त्यासाठी समोरच्याने मोटारसायकलवाला असले पाहिजे, आणि काही ठिकाणी तर अमुकच कंपनीच्या गाडीचा धनी असले पाहिजे. कायद्याचा हात म्हणतो, ‘मी आता अमुक करणार आहे’. तोही शेवटी स्वतःपुरताच. या रस्त्यावरचा हात मात्र स्वतःविषयी कधी काही बोलतच नाही. दिवा जळतोय, स्टँड खाली राहिलंय, मागे बसलेल्या बाईंचा पदर चाकात चाललाय, पुढे पोलीस उभे आहेत, राशीवरून जाऊ नका, झाकण पडलं : सगळे तुझे, माझे काहीच नाही. आणि दूधवाल्याचा घोटाळा झाला तो एवढ्याचमुळे. निष्काम हात त्याने कधी पाहिलाच नव्हता. हात आला म्हणजे त्यात काहीतरी कामाचे असणारच, या भरवशावर तो वळून आला होता.

लोहाऱ्याच्या अलीकडे समोरून एक तरणा पोरगा भरधाव आला. गाडीचे बाजूचे स्टँड खाली लोंबत होते; डावीकडे जरा कलून वळला असता तर त्याच स्टँडवर गाडी उलटून आपटला असता. मी आधी हात वर केला. त्याने उलट हात केला. मी जमिनीकडे बोट केले. त्याने मान डोलावली. मी ओरडलो, वाऱ्याने ते नेले. तो निघून गेला. क्षणभर वाटले, आपण सांगितले, आपले कर्तव्य संपले, परीक्षेतल्या साहेबांनी याही खुणेला शास्त्रोक्त ठरवले असते. पण गाडी आपसूकच वळली. रेस पिळून, वाटेतल्या मारुतीला त्या दिवसापुरता नमस्कार बाकी ठेवून, मी त्याचा दीड-दोन किलोमीटर पाठलाग केला आणि अखेर एका पुलावर त्याला गाठले.

“अरे, स्टँड!” मला धाप लागली होती.

त्याने खाली पाहिले, जीभ चावली, टाचेने स्टँड वर घेतले आणि म्हणाला, “लई उपकार झाले मामा.” मग निघता निघता तो थबकला. त्याची नजर माझ्या गाडीच्या तोंडावर गेली. त्याने एक हात वर केला आणि पंजा हळूच मिटून उघडला.

“मामा, तुमचा बी लाईट चालू हाय.”

१ एप्रिल २०१७ ही तारीख माझ्या जिभेवर आली होती. ती मी गिळली. “होय रे बाबा,” मी म्हणालो, “ध्यानात राहिलं नाही बघ,” आणि मुठीजवळ, जिथे दिव्याचे बटण कारखान्याने ठेवलेलेच नाही तिथे, अंगठा नेऊन मी ते बंद केल्यासारखे केले.